अख्खं लेबल लहान करू नका, एकेक लेअर लहान करा: ५०० ग्रॅमच्या लेबलवरून २०० ग्रॅमचं लेबल



आजचा धडा दिसायला छोटा आहे, पण प्रिंटरचं बिल भरायच्या आधी तो शिकलेला बरा. विषय आहे, फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच लेअरचा आकार कसा बदलायचा. व्हिडिओमध्ये हे करून दाखवलंय. इथे तेच पायरी-पायरीने, आकड्यांसकट लिहून दिलंय, म्हणजे सारखं पॉज करत बसायला नको.

उदाहरण आपल्या नागपूरचंच घेऊ. समजा, तुम्ही घरून संत्रा बर्फी करून विकता. ५०० ग्रॅमच्या बॉक्सचं लेबल तयार आहे, छान दिसतंय, गिऱ्हाईकही ओळखायला लागलंय. आता दुकानदार म्हणतो, "ताई, दोनशे ग्रॅमचा छोटा बॉक्स द्या ना, प्रवासी लोक तोच मागतात." बॉक्स आला, बर्फी तयार आहे, राहिलं फक्त लेबल. इथे बहुतेक जण काय करतात? जुनी फाइल उघडतात, अख्खं चित्र लहान करतात आणि छापायला पाठवतात.

स्क्रीनवर ते अगदी बरोबर दिसतं. गडबड छापल्यावर कळते.

आधी हिशोब बघू

मोठं लेबल १६५ मिमी रुंद आणि १२० मिमी उंच आहे असं धरा. छोटं हवंय ११० बाय ८० मिमी. म्हणजे प्रत्येक बाजू बरोबर दोन तृतीयांश. प्रमाण जुळतं, म्हणून अख्खं चित्र लहान करायचा मोह होतो.

पण लेबलवर फक्त चित्र नसतं, कायद्याने लागणाऱ्या गोष्टीही असतात. शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्हच घ्या, म्हणजे हिरव्या चौकटीतला हिरवा भरीव गोल. एफएसएसएआयच्या लेबलिंगच्या २०२० च्या नियमांत या चिन्हाचा कमीत कमी आकार दिलाय, आणि तो ठरतो पाकिटाच्या मुख्य दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावरून. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर गोलाचा व्यास कमीत कमी ३ मिमी. १०० ते ५०० असेल तर ४ मिमी. चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट.

सोपं जावं म्हणून समोरचं अख्खं लेबल हाच दर्शनी भाग धरू. मोठ्या लेबलचं क्षेत्रफळ १६.५ गुणिले १२, म्हणजे १९८ चौरस सेंटीमीटर. म्हणून त्यावर ४ मिमीचा गोल. छोट्याचं ११ गुणिले ८, म्हणजे ८८. त्यावर ३ मिमीचा गोल चालतो. आता अख्खं चित्र दोन तृतीयांश केलं तर ४ मिमीचा गोल किती उरेल? २.६७ मिमी. नियमात बसत नाही!

लेबल लहान झालं म्हणून नियम त्याच प्रमाणात लहान होत नाही. आजचा सगळा धडा या एका वाक्यात आहे. फोटो एका मापाने लहान होतो, हिरवं चिन्ह दुसऱ्या मापाने, अक्षरं तिसऱ्या, आणि बारकोड तर लहान करायचाच नसतो. म्हणून प्रत्येक लेअरला वेगळं हाताळायचं.

लेअर म्हणजे काय

एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या शीट डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात खाली रंगाची शीट, तिच्यावर संत्र्याचा फोटो, त्यावर ब्रँडचं नाव, त्यावर हिरवं चिन्ह. वरून बघितलं की एकच चित्र दिसतं, पण प्रत्येक शीट वेगळी उचलता येते. या शीट म्हणजेच लेअर.

आपण गिंप हे सॉफ्टवेअर वापरणार आहोत. ते १९९६ पासून लोकांना उपलब्ध आहे, फुकट आहे, आणि धंद्याच्या कामासाठी वापरायलाही लायसन्सचे पैसे लागत नाहीत. साधा लॅपटॉप पुरतो. फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

एक सूचना. तुमच्याकडे फक्त जेपीजी फाइल असेल तर त्यात लेअर नसतात, सगळ्या शीट चिकटून एक झालेल्या असतात. डिझाइन दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर त्यांच्याकडून मूळ, लेअर असलेली फाइल मागून घ्या. गिंपची असेल तर एक्ससीएफ, फोटोशॉपची असेल तर पीएसडी. पैसे देतानाच हे बोलून ठेवलेलं बरं.

पायरी १: मिलिमीटरचे पिक्सेल करा

छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. इंच म्हणजे २५.४ मिमी. म्हणून १ मिमी म्हणजे साधारण ११.८ पिक्सेल. एवढा एक आकडा वहीत लिहून ठेवा.

- ११० मिमी = १२९९ पिक्सेल
- ८० मिमी = ९४५ पिक्सेल
- ६ मिमी, म्हणजे छोट्या लेबलवरच्या हिरव्या चौकटीची किमान बाजू = ७१ पिक्सेल
- ३ मिमी, म्हणजे आतल्या गोलाचा किमान व्यास = ३५.४, म्हणून ३६ पिक्सेल

अपूर्णांक आला की किमान मापांसाठी नेहमी वरचा आकडा घ्यायचा.

गिंपमध्ये इमेज मेनूत प्रिंट साइज उघडून रेझोल्यूशन ३०० आहे ना, ते बघून घ्या. ७२ असेल तर मिलिमीटरची सगळी मापं चुकतील.

पायरी २: कागद लहान करा, चित्र नाही

सगळ्यात आधी फाइल मेनूतून सेव्ह अ‍ॅज करून नवीन नाव द्या. मूळ ५०० ग्रॅमच्या फाइलला हात लावायचा नाही.

आता नीट लक्ष द्या. इमेज मेनूत दोन सारखे वाटणारे पर्याय आहेत. स्केल इमेज म्हणजे सगळ्या लेअरसकट चित्र लहान. कॅनव्हास साइज म्हणजे फक्त खालचा कागद लहान, लेअर आहेत तेवढेच. आपल्याला दुसरा पाहिजे.

कॅनव्हास साइज उघडा, एकक मिलिमीटर करा. रुंदी-उंचीच्या बाजूला साखळीचं चिन्ह दिसेल. साखळी जोडलेली असली की एक आकडा बदलल्यावर दुसरा आपोआप त्याच प्रमाणात बदलतो. ११० आणि ८० भरा. खाली रिसाइझ लेअर्समध्ये नन ठेवा आणि बटण दाबा.

आता लेअर कागदाबाहेर लोंबताना दिसतील, काही तर अर्धे गायब वाटतील. घाबरू नका, काहीही कापलं गेलेलं नाही. व्ह्यू मेनूत शो ऑल केलं की कागदाबाहेरचंही दिसतं.

पायरी ३: फोटोचा लेअर

उजवीकडच्या लेअरच्या यादीत संत्र्याच्या फोटोवर एकदा क्लिक करा. कुठलाही बदल करायच्या आधी "आत्ता कुठला लेअर निवडलाय?" हे बघायची सवय लावा. चित्रावर क्लिक केलं म्हणून लेअर निवडला जात नाही, यादीतूनच निवडावा लागतो.

आता शिफ्ट आणि एस दाबा. हे स्केल टूल. चित्रावर क्लिक केलं की लेअरभोवती कोपऱ्यांचे चौकोन येतात आणि एक छोटी खिडकी उघडते. तिथली साखळी जोडून ठेवा, नाही तर गोल संत्रं लांबट होतं, आणि लांबट संत्रं गिऱ्हाइकाला लगेच खटकतं. कोपरा आत ओढा, हवा तेवढा आकार झाला की स्केल बटण दाबा. आवडलं नाही तर कंट्रोल आणि झेड.

फोटोबाबत दोन गोष्टी पाळा.

पहिली, लहान करायचं तर एकदाच करा. लहान केला, मग "जरा मोठा हवा होता" म्हणून परत ओढला, मग परत लहान केला, असं केलं की फोटो पुसट होत जातो. लहान करताना पिक्सेल टाकून दिले जातात आणि परत मोठं करताना सॉफ्टवेअर ते अंदाजाने भरतं. म्हणून आधी लेअरची डुप्लिकेट करा, मूळ लेअरसमोरचा डोळा बंद करून तो लपवा आणि डुप्लिकेटवर काम करा. बिघडलं तर मूळ आहेच.

दुसरी, छोटा फोटो मोठा करू नका. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. तो ७०० पिक्सेलवर आणला की लेबलवर ५९ मिमी रुंद आणि स्वच्छ छापला जातो. पण कुठून तरी मिळालेला २०० पिक्सेलचा फोटो तेवढाच मोठा केला, तर इंचाला जेमतेम ८६ पिक्सेल मिळतात आणि छपाई धुरकट येते. आणि वॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर तो दाबून लहान केला जातो.

पायरी ४: हिरवं चिन्ह

इथे डोळ्याच्या अंदाजाने ओढायचं नाही. आकडा टाकायचा.

यादीत चिन्हाचा लेअर निवडा. आता त्या लेअरभोवतीची तुटक रेघ बघा. ती लेअरची हद्द. ती चिन्हाला चिकटून आहे की अख्ख्या लेबलएवढी आहे? पुष्कळदा चिन्ह कोपऱ्यात इवलंसं असतं आणि लेअर मात्र पूर्ण लेबलएवढा, बाकी सगळा रिकामा. अशा लेअरला तुम्ही "६ मिमी हो" म्हटलं तर तो रिकाम्या जागेसकट ६ मिमीचा होईल आणि चिन्हाचा ठिपकाही दिसणार नाही.

म्हणून आधी लेअर मेनूतून क्रॉप टू कंटेंट करा. नव्या आवृत्तीत नाव थोडं वेगळं दिसेल, पण ते लेअर मेनूतलंच घ्या, इमेज मेनूतलं नको. हद्द चिन्हाला चिकटली की लेअर मेनूत स्केल लेअर उघडा, एकक मिलिमीटर, साखळी जोडलेली, आणि रुंदी ६.५ टाका. किमान ६ असताना ६.५ कशाला? छपाईत आणि कापण्यात थोडं इकडे-तिकडे होतं. अगदी काठावर राहू नका.

त्याच मेनूत लेअर बाउंड्री साइझ नावाचा पर्याय आहे. तो फक्त हद्द बदलतो, आतलं चित्र तेवढंच राहतं. नावं सारखी वाटतात, कामं वेगळी आहेत.

पायरी ५: अक्षरं

अक्षरांचा लेअर स्केल टूलने कधीच ओढू नका. ओढला की गिंप त्याचं चित्र करून टाकतं. मग अक्षरं पुसट होतात आणि मजकूर सरळ बदलताही येत नाही. अक्षरांचं टूल घ्या, मजकूर निवडा आणि फॉन्टचा आकडा कमी करा. अक्षरं नव्याने, कोरीव काढली जातात.

मराठी लेबलला हे जास्तच लागू आहे. इंग्रजी अक्षर लहान झालं तरी वाचता येतं. आपल्या लिपीत वर अनुस्वार, रफार, मात्रा, खाली उकार. चित्र लहान करताना सगळ्यात आधी तेच जातात. "संत्रा बर्फी"चा अनुस्वार आणि रफार पुसला गेला की उरतं "सत्रा बफी". हसू नका, बारीक अक्षरात छापलेल्या घटकांच्या यादीत हे सहज होतं, कारण तिथे अनुस्वार म्हणजे जेमतेम दोन-तीन पिक्सेलचा ठिपका असतो. छोट्या लेबलसाठी सुटसुटीत फॉन्ट निवडा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, लहान आकारातही नीट वाचता येतो.

वजन, किंमत, तारखा यांच्या अक्षरांच्या उंचीलाही नियम आहेत. त्यात आकड्याची प्रत्यक्ष उंची मोजतात. फॉन्टचा आकडा ४ मिमी ठेवला म्हणजे अक्षर ४ मिमी उंच होतं असं नाही, ते त्याहून कमी भरतं. शिफ्ट आणि एम दाबलं की मोजायचं टूल येतं. आकड्याच्या तळापासून डोक्यापर्यंत ओढून प्रत्यक्ष उंची बघा.

आणि अक्षरांना हात लावलाच आहे, तर मजकूरही बदला. निव्वळ वजन ५०० चं २०० करा. एमआरपी बदला. प्रति ग्रॅम किंमत लिहिली असेल तर ती परत काढा. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर मात्र तोच राहील. त्याचा एकेक आकडा वाचून बघा.

पायरी ६: बारकोड आणि क्यूआर

बारकोडचा लेअर लहान करायचा नाही, तो काढूनच टाकायचा. कारण ५०० ग्रॅम आणि २०० ग्रॅम ही दोन वेगळी उत्पादनं धरली जातात आणि प्रत्येकाला वेगळा नंबर लागतो. जुनाच बारकोड लावला तर दुकानाच्या काउंटरवर छोट्या बॉक्सला मोठ्याची किंमत निघेल. मग वाद तुमच्या नावाने.

नवीन बारकोड टाकताना माप लक्षात ठेवा. १३ आकडी बारकोडचा मूळ आकार, दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून, ३७.२९ बाय २५.९३ मिमी. तो ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो, म्हणजे साधारण ३० बाय २१ मिमी. दोन तृतीयांश केला असता तर २५ मिमीच्याही खाली गेला असता आणि स्कॅनर अडला असता. ११० मिमीच्या लेबलवर ३० मिमी जागा खूप वाटते. म्हणून तो मागच्या बाजूला घ्या.

क्यूआर कोड असेल, इन्स्टाग्रामचा किंवा वॉट्सअ‍ॅपचा, तर स्केल लेअरमध्ये इंटरपोलेशन नन ठेवा आणि मोठा करायचा असेल तर दुप्पट, तिप्पट असा पूर्ण पटीतच करा, म्हणजे चौकोनांच्या कडा धारदार राहतात. लहान हवा असेल तर त्याच मापाचा नवीन बनवून घ्या. आजूबाजूला चार छोट्या चौकोनांएवढी पांढरी जागा सोडा. डिझाइन सुंदर दिसावं म्हणून ती झाकली तर कोड स्कॅन होत नाही.

पायरी ७: छापायच्या आधी पट्टी लावा

फाइल एक्ससीएफमध्ये सेव्ह करा, मग प्रिंटरला हवी ती फाइल एक्सपोर्ट करा. कापण्यासाठी कडेला किती जादा जागा पाहिजे, हे त्यांना आधीच विचारा.

आता घरच्या किंवा कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटरवर साध्या ए-फोर कागदावर एक प्रत काढा. प्रिंटच्या सेटिंगमध्ये "फिट टू पेज" नको, "अ‍ॅक्चुअल साइझ" म्हणजे १०० टक्के पाहिजे. मुलांच्या कंपासमधली पट्टी घ्या आणि मोजा. लेबल ११० मिमी आहे? हिरवी चौकट ६ च्या वर आहे? मोबाइलने क्यूआर स्कॅन होतोय? कागद कापून खऱ्या बॉक्सवर चिकटवा आणि घरातल्या थोरांना चष्म्याशिवाय वाचायला सांगा. स्क्रीनवर झूम करून सगळंच मोठं दिसतं. पट्टी मात्र खरं तेच सांगते.

या एका कागदाचा खर्च पाच-दहा रुपये. हजार स्टिकर छापून आल्यावर चूक कळली तर हजारच्या हजार रद्दी, आणि सण तोंडावर असेल तर गेलेले दिवस वेगळे.

फोटोशॉप आणि कॅनव्हा वापरत असाल तर

फोटोशॉपमध्ये लेअर निवडून कंट्रोल आणि टी दाबा. २०१९ च्या आवृत्तीपासून कोपरा ओढला की प्रमाण आपोआप सांभाळलं जातं, त्याआधी शिफ्ट धरावी लागायची. म्हणून जुना व्हिडिओ बघून शिफ्ट धराल तर नव्या आवृत्तीत उलट परिणाम होऊ शकतो. ओढण्याआधी फोटोचा लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट करून घेतला तर मूळ पिक्सेल आत जपले जातात आणि लहान-मोठं केलं तरी फोटो खराब होत नाही. फक्त मूळ आकाराच्या पुढे नेऊ नका.

कॅनव्हामध्ये प्रत्येक वस्तू आधीच वेगळी असते, कोपरा ओढला की तीच लहान होते. पण तिथेही पान लहान केल्यावर हिरवं चिन्ह, अक्षरं, बारकोड एकेक करून तपासायचेच.

आजचा गृहपाठ

तुमचं सध्याचं लेबल घ्या. कागदावर तीन रकाने करा. पहिल्या रकान्यात लिहा जे खुशाल लहान होऊ शकतं: फोटो, नक्षी, पार्श्वभूमी. दुसऱ्यात जे ठरलेल्या मापाच्या खाली जाऊ शकत नाही: हिरवं चिन्ह, वजन, किंमत, तारखा. तिसऱ्यात जे नव्याने करावं लागतं: बारकोड, निव्वळ वजनाचा आकडा. ही यादी झाली की छोटं लेबल अर्धं झालंच समजा, बाकी अर्धं माउसचं काम.

नियमांचे तक्ते अधूनमधून बदलतात, म्हणून मोठी ऑर्डर छापायच्या आधी एफएसएसएआयच्या वेबसाइटवर चालू माप बघून घ्या. आणि जागा पुरत नसेल तर आधी नक्षी कमी करा, फोटो लहान करा. कायद्याची आणि गिऱ्हाइकाच्या कामाची अक्षरं सगळ्यात शेवटी.

पुढच्या धड्यात बॉक्सच्या मागच्या बाजूची मांडणी बघू. तोपर्यंत पट्टी टेबलावरच ठेवा!